आयएनएस खांदेरी या पाणबुडीची कव्हरं (म्हणजे शिक्का मारलेली पोस्टाची पाकिटं) जमवतेय, हे एक खरं आहे का बघा, आणि नाव किल्ल्याचं की माशाचं?

थळची_लेक:

नमस्कार मंडळी, वाचत असते बऱ्याच दिवसांपासून पण लिहितेय पहिल्यांदाच, त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची अलिबागजवळच्या थळची. आमच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन्ही बेटं दिसतात. लहानपणी आजोबांच्या होडीतून खांदेरीवरच्या वेतोबा देवाला नारळ द्यायला जायचो, तिथला तो दगडाने ठोकला की भांड्यासारखा वाजणारा मोठा दगड आम्ही पोरं आळीपाळीने वाजवायचो. माझे धाकटे काका नौदलात होते आणि काही वर्षं त्यांची नेमणूक पहिल्या आयएनएस खांदेरीवर होती, म्हणजे ज्या बेटासमोर वाढले त्याच नावाच्या पाणबुडीवर. घरात याचं फार कौतुक होतं. काका गेले चार वर्षांपूर्वी, आणि तेव्हापासून मी खांदेरी या नावाचं पोस्टाचं जे काही मिळेल ते जमवायला लागले.

आतापर्यंत माझ्याकडे दोनच गोष्टी आहेत.

पहिली: एका ऑनलाइन सेलरकडून ९०० रुपयांना घेतलेलं कव्हर. डावीकडे निळ्या शाईत पाणबुडीचं चित्र, खाली 'खांदेरी कमिशनिंग ६ डिसेंबर १९६८' असं छापलेलं (कमिशनिंग म्हणजे नौदलात दाखल होणं), तिकीट शिवाजी महाराजांचं २५ पैशांचं राज्याभिषेकाचं, शिक्का मुंबईचा, तारीख ६ डिसेंबर ६८ अशी वाचता येते. पत्ता टाइप केलेला आहे, मुंबई ४००००१ असा.

दुसरी: काकांच्या ट्रंकेत मिळालेलं साधं पाकीट. चित्र वगैरे काही नाही. आजीच्या नावाने थळचा पत्ता, मागे पाठवणाऱ्याच्या जागी काकांचं नाव, त्याखाली आयएनएस खांदेरी, मार्फत फ्लीट मेल ऑफिस, म्हणजे नौदलाच्या जहाजांचं पोस्ट. २५ पैशांचं तिकीट, कोपरा थोडा फाटलाय. साल १९७७. मागे आमच्या पोस्टाचा गोल शिक्का आहे, तो जरा पुसट आहे. आत पत्र आहे, भाताची लावणी झाली का, बोटीला रंग दिला का असं सगळं.

आता प्रश्न असे की पहिलं कव्हर खरं आहे का, दुसरं 'कलेक्शन'मध्ये धरतात का की ते आपलं घरगुती, आणि तिसरं म्हणजे माझ्या एका मित्राने सांगितलं की पाणबुडीचं नाव किल्ल्यावरून नाहीच, एका माशावरून आहे. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. खरं काय आहे?

जुनी_तिकिटं:

ताई, आधी वाईट बातमी सांगून टाकतो. पहिलं कव्हर खोटं आहे, आणि ते ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही.

राज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली त्या निमित्ताने जे २५ पैशांचं तिकीट निघालं ते २ जून १९७४ ला निघालं. म्हणजे शिक्क्यावरच्या तारखेला ते तिकीट अस्तित्वातच नव्हतं. महाराजांचं १९६१ चं १५ नये पैशांचं तिकीट असतं तर निदान वाद घालायला जागा होती. दुसरी गोष्ट, पत्त्यात तुम्ही ४००००१ लिहिलंय. पिन कोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, त्यामुळे ६८ सालच्या पाकिटावर तो टाइप झालेला असूच शकत नाही. आणि शिक्क्यात इंग्रजीत मुंबई आहे का बॉम्बे तेही बघा, कारण त्या काळात बॉम्बेच असायचं, मुंबई १९९५ नंतर आलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी आहे. पहिली खांदेरी ६ डिसेंबर १९६८ ला कमिशन झाली हे खरं, पण ती झाली रीगाला, तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमध्ये. त्या दिवशी पाणबुडी मुंबईत नव्हतीच. आता मुंबईत बसून कुणी त्याच दिवशी आठवणीचं कव्हर शिक्का मारून ठेवलं असेल असं म्हणता येतं, अशी कव्हरं निघतातही, पण वरच्या दोन गोष्टींनंतर त्याला काही अर्थ उरत नाही.

मी स्वतः असाच फसलोय म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाबाहेर एकाने मला विक्रांतचं कमिशनिंग कव्हर दिलं, ४ मार्च १९६१ चं म्हणून. मी आनंदाने घरी आलो, अल्बममध्ये लावलं, सहा महिने सगळ्यांना दाखवलं. मग एका जाणत्या माणसाने बघितलं आणि एवढंच म्हणाले की पाकीट खरं आहे, शिक्का खरा आहे, पण चित्र नंतर छापलंय, बघ, चित्राची शाई शिक्क्याच्या वरून गेलीये. खरं तर चित्र आधी छापतात आणि शिक्का त्याच्यावर पडतो. तेव्हापासून मी कुठलंही कव्हर हातात घेतलं की चित्र शेवटी बघतो, आधी शिक्का, मग तिकीट, मग पत्ता, मग पाठीमागचा शिक्का.

आणि दुसऱ्या पाकिटाबद्दल. ताई, तेच तुमचं कलेक्शन आहे! पहिलं फेका, नाही फेकू नका, खोटं म्हणून लिहून बाजूला ठेवा, शिकायला उपयोगी पडतं. पण काकांचं पत्र म्हणजे पाणबुडीवरच्या माणसाने पाणबुडीच्या नावाने पाठवलेलं, फ्लीट मेल ऑफिसच्या वाटेने आलेलं आणि खांदेरी बेटासमोरच्या गावात पोचलेलं. चित्र छापून हे करता येत नाही. फाटलेला कोपरा चिकटवू नका, सेलोटेप तर अजिबात नको, पत्र बाहेर काढून वेगळं ठेवू नका, आतच राहू द्या किंवा त्याच पानावर शेजारी ठेवा.

दर्यावर्दी७१:

वर दादांनी शिक्क्याचं सांगितलंच आहे, मी नावाबद्दल बोलतो. मी नौदलात होतो, पाणबुडीवर नाही, पण खांदेरी माहीत आहे.

तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. नवीन खांदेरी पाणबुडी मुंबईच्या माझगाव डॉक या जहाज कारखान्यातून १२ जानेवारी २०१७ ला पाण्यात उतरली तेव्हा नौदलाने स्वतः सांगितलं होतं की नाव शिवाजी महाराजांच्या बेटावरच्या किल्ल्यावरून आहे. मग २८ सप्टेंबर २०१९ ला मुंबईत कमिशनिंग झालं तेव्हा भाषणात समुद्राच्या तळाशी शिकार करणाऱ्या माशाचाही उल्लेख झाला. पाणबुड्यांना माशांची नावं द्यायची परंपरा आहेच, कलवरी हे नावही शार्कवरूनच आलंय. त्यामुळे दोन्ही कथा चालत राहतात. पण थळच्या माणसाला कुणी विचारलं खांदेरी काय आहे तर तो समोर बोट दाखवेल, आणि ते बोट बरोबर दिशेला आहे.

आणि एक मजेदार गोष्ट, जुन्या खांदेरीवर रंगवलेला नंबर एस २२ होता आणि नवीनचाही एस २२ च आहे. कलवरी आणि करंज या पाणबुड्यांना हे जमलं नाही, त्यांचे नंबर बदलले. जुन्या खांदेरीचं चित्र आणि नवीन खांदेरीचं चित्र शेजारी ठेवलंत तर दोघींवर एकच नंबर, पानावर फार छान दिसेल.

ज्यांना किल्ला आणि जहाज अशी जोडी लावायची आहे त्यांनी दुर्ग वर्गाच्या जहाजांकडेही बघावं. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि होसदुर्ग, तिन्ही सत्तरच्या दशकात सोव्हिएत युनियनकडून आलेली छोटी मिसाइल जहाजं. पहिल्या दोघांचे किल्ले आपल्या कोकणातलेच. आमच्या वेळी त्या जहाजांवरून घरी पत्रं जायची, कुणाच्या तरी ट्रंकेत नक्की असतील. ट्रंका उघडा मंडळी, विकायला नाही, बघायला.

आता मुख्य सांगायचं ते. ताई, पहिली खांदेरी निवृत्त झाली ती तारीख बघा: १८ ऑक्टोबर १९८९. आणि खांदेरीच्या समोर मराठी आरमार आणि इंग्रजांची मोठी लढाई झाली ती १८ ऑक्टोबर १६७९. बरोबर ३१० वर्षं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॅलेंडर काढून परत बघितलं होतं.

थळची_लेक:

अंगावर काटा आला वाचून, खरंच. १८ ऑक्टोबर! काकांनी कधी सांगितलं नाही, त्यांना माहीत होतं का कोण जाणे, ते ८९ च्या आधीच दुसरीकडे बदलून गेले होते.

पहिलं कव्हर आत्ता परत काढून बघितलं. जुनी_तिकिटं दादा, तुम्ही म्हणता तसं चित्राची निळी शाई शिक्क्याच्या काळ्या रेषेवरून गेलीये, एका ठिकाणी अगदी स्पष्ट दिसतं. शिक्क्यात सालाचे आकडेसुद्धा जरा वेगळ्या जाडीचे वाटतायत. पैसे गेले त्याचं दुःख आहे पण त्याहून जास्त दुःख याचं की मी त्याला काकांच्या फोटोशेजारी ठेवलं होतं. आता तिथे काकांचं पत्र ठेवलंय.

लढाईबद्दल कुणी सांगू शकेल का नीट? आम्हाला शाळेत दोन ओळी होत्या फक्त.

गुराब_गलबत:

लढाईचं मी सांगतो, मात्र तारखेचं एक बारीकसं आहे ते आधी.

१८ ऑक्टोबर ही तारीख इंग्रजांच्या कागदपत्रांतली आहे, आणि इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते, त्यांनी ते १७५२ ला बदललं. सतराव्या शतकात दोन कॅलेंडरात १० दिवसांचा फरक होता, म्हणजे आजच्या हिशोबाने लढाई २८ ऑक्टोबरला झाली. ३१० वर्षांचा योग कागदावर जुळतो, सूर्याच्या हिशोबाने नाही. मला स्वतःला हा योग आवडतो, पण पानावर लिहिताना ही ओळ लिहा, नाहीतर प्रदर्शनात कुणी ना कुणी बोट ठेवणारच.

आता लढाई. महाराजांनी १६७९ च्या पावसाळ्यात खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, माय नाईक भंडारी तिथे माणसं आणि सामान घेऊन होते. मुंबईच्या तोंडावरच हे बेट, म्हणून इंग्रज हादरले. आधी इंग्रजांनी छोट्या नावा पाठवून वेढा घालून बघितलं, आमच्या छोट्या होड्या रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून सामान पोचवत राहिल्या, त्यांची मोठी जहाजं तिथे येऊच शकत नव्हती. मग १८ ऑक्टोबरला महाराजांचे सरदार दौलतखान यांचं आरमार बाहेर पडलं. पहिल्या झपाट्यात इंग्रजांचं डव्ह नावाचं जहाज मराठ्यांनी पकडलं, बाकीची छोटी जहाजं पळाली. पण रिव्हेंज नावाचं त्यांचं मोठं जहाज केग्विन या इंग्रज अधिकाऱ्याच्या हुकमाखाली टिकून राहिलं आणि शेवटी मराठी आरमाराला माघार घ्यावी लागली. हे मुद्दाम लिहितोय कारण बऱ्याच ठिकाणी फक्त अर्धीच गोष्ट सांगतात. समुद्रावरचा तो दिवस इंग्रजांनी मारला असेल, पण किल्ला बांधून पूर्ण झाला, बेट त्यांना मिळालं नाही, आणि काही महिन्यांत ते वेढा उठवून गेले. जंजिऱ्याच्या सिद्दीने मग शेजारची उंदेरी घेतली जानेवारी १६८० ला, म्हणून दोन बेटं समोरासमोर दोन शत्रूंची अशी कितीतरी वर्षं राहिली. इंग्रजांच्या ताब्यात खांदेरी आली ती थेट १८१८ ला.

पाणबुडीला हे नाव का शोभतं ते यात आहे असं मला वाटतं. उथळ पाण्यातून, रात्री, न दिसता काम करायचं.

आणि २०२५ च्या जुलैमध्ये, मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून युनेस्कोच्या यादीत जे १२ किल्ले गेले त्यात खांदेरीही आहे, हे लक्षात ठेवा, तुमच्या कलेक्शनला एक पान तेही.

जुनी_तिकिटं:

गुराब_गलबत यांनी फार छान लिहिलं, तारखेचं तर पटलंच.

ताई, पुढे काय जमवायचं ते सांगतो. छापील जे मिळतं त्याच्या मागे धावू नका. आर्मी पोस्टल सर्व्हिस वेळोवेळी जहाजं आणि पलटणींच्या निमित्ताने विशेष कव्हरं काढते, आत माहितीचा कागद असतो, ती मिळाली तर चांगली आहेतच, योग्य भावात मिळाली तर घ्या. पण तुमच्या कलेक्शनचा जीव तुमच्या काकांच्या पत्रात आहे, त्याच्याभोवती पानं रचा. काकांच्या बरोबरच्या लोकांची कुटुंबं ओळखीची असतील तर विचारा, पत्र नको, फक्त पाकिटाचा फोटो दिला तरी चालेल म्हणा.

आणि स्वतःचं कव्हर करा. खरं सांगतो, यात काही कमी नाही. साधं पांढरं पाकीट घ्या, डावीकडे स्वतः काढलेलं खांदेरीचं चित्र, काढता येत नसेल तर नुसतं नाव. त्यावर तुमचं स्वतःचं नाव आणि थळचा पत्ता लिहा. मग १८ ऑक्टोबरला अलिबागच्या हेड पोस्ट ऑफिसात जा, काउंटरवरच्या माणसाला आदराने सांगा की शिक्का हाताने, हलक्या दाबाने, तिकिटाच्या कोपऱ्यावर पूर्ण गोल येईल असा मारा. शाई जास्त असेल तर आधी रद्दी कागदावर एकदा मारून बघायला सांगा. आणि मग ते पाकीट खरोखर पोस्टाने येऊ द्या, शिक्का मारून परत मागून घेऊ नका. प्रवास केलेल्या पाकिटाची किंमत वेगळी. यंदा १८ तारीख रविवारी आहे का ते आधी बघून ठेवा, रविवार असला तर काउंटर बंद असेल, मग २८ ला करा, गुराब_गलबत यांचा हिशोब कामी येईल. दोन्ही दिवस उघडं असेल तर दोन्ही करा.

जुनं तिकीट लावायचं मन असेल, महाराजांचं १९८० चं ३० पैशांचं वगैरे, तर काउंटरवर आधी विचारा आणि वर आजच्या दराइतकी तिकिटं लावून दर पूर्ण करा. हवं असेल तर किल्ल्याच्या फोटोची माय स्टॅम्पची शीट करून घेता येते, तिकिटाच्या जोडीला तुमचा फोटो येतो. आणि रजिस्टर्डने पाठवायचा विचार असेल तर आता ते स्पीड पोस्टमध्ये मिसळलंय, पूर्वीसारखा आरचा चौकोनी लेबल मिळणार नाही.

मीठागर:

साठवणीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. कोकणातली हवा म्हणजे कागदाचा शत्रू, थळला तर समोरच समुद्र. साध्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत, म्हणजे पीव्हीसीच्या, काहीही ठेवू नका, त्या घाम सोडतात आणि शाई त्यांना चिकटते. मायलरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, पान ॲसिड नसलेल्या कागदाचं घ्या. रबर बँड लावू नका, पिना तर नाहीच. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल, आणि ते निळं असतं ते गुलाबी झालं की बदला. माझ्या आईच्या पत्रांवर तांबूस ठिपके पडले ते फक्त ट्रंक भिंतीला टेकून होती म्हणून. ठिपके पडले की जात नाहीत, पसरायचे थांबतात एवढंच. महिन्यातून एकदा उघडून हवा द्या, थेट उन्हात नको, सावलीत.

काकांच्या पत्राचा एक चांगला स्कॅन करून ठेवा, दोन्ही बाजू आणि पत्राची पानं. मग ते वारंवार हातात घ्यावं लागणार नाही.

दर्यावर्दी७१:

ताई, चित्रावर एक सांगू का. नौदलाचा झेंडा काढणार असाल तर काकांच्या वेळचा काढा. तेव्हा झेंड्यावर लाल क्रॉस होता. मग २००१ ला तो काढला, २००४ ला परत आला मध्ये अशोकस्तंभ घेऊन, २०१४ ला सत्यमेव जयते आलं, आणि २ सप्टेंबर २०२२ ला, नवी विक्रांत कमिशन झाली त्याच दिवशी, आत्ताचा आला, महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेल्या अष्टकोनाचा. नवीन खांदेरीचं पान असेल तर २०१९ चा झेंडा वेगळा आणि आजचा वेगळा, तारीख बघून काढा. बाजारात कव्हरं तपासतानाही हे उपयोगी पडतं, छापलेला झेंडा तारखेच्या पुढचा असेल तर समजून जा.

थळची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

आज दिवसभरात एवढं केलं: काकांचं पत्र स्कॅन झालं, दोन्ही बाजू. मागचा पुसट शिक्का स्कॅनमध्ये मोठा करून बघितला तर तारीख वाचता आली, पाठवलेल्या शिक्क्यानंतर पाच दिवसांनी थळला पोचलंय. आईला दाखवलं, ती म्हणाली आजीला वाचता येत नव्हतं, पोस्टमनच ओट्यावर बसून वाचून दाखवायचा, आणि बोटीच्या रंगाची ओळ आली की आजोबा परत वाचायला लावायचे.

काकांबरोबर असलेल्या एका काकांचा नंबर चुलतभावाकडे निघाला, ते विशाखापट्टणमला स्थायिक झालेत. रात्री फोन केला. त्यांच्याकडे त्यांच्या बायकोने जपून ठेवलेली तेरा पत्रं आहेत, सगळी खांदेरीवरून. फोटो काढून पाठवते म्हणाल्या, आणि एक पाकीट पोस्टानेच पाठवणार आहेत, आत काही न घालता, वर माझा थळचा पत्ता लिहून. मी त्यांना १८ ऑक्टोबरला टाका, रविवार आला तर २८ ला, म्हणून सांगितलंय. माझं अलिबागहून त्याच दिवशी जाईल, त्यांच्या पत्त्यावर.

चित्र मी काढतेय. बेट, दीपगृह, आणि खाली पाण्यात पाणबुडी. दीपगृह १८६७ चं आहे म्हणजे लढाईच्या वेळी नव्हतं, पण काकांच्या वेळी होतं, म्हणून ठेवलंय. झेंडा लाल क्रॉसचा.